‘झोकणे’चं कार्ड: मैदानी शब्दांच्या प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर

खो-खो, कबड्डी आणि फेकीच्या खेळांची कार्डं हातानं लिहून झाली. आजपासून अल्टिमेटची, म्हणजे उडत्या चकतीच्या खेळाची कार्डं घेतली. माप पोस्टकार्डाचं. पुढच्या बाजूला शब्द ठळक. मागे चार ओळी: काय सुटतं, कुठे जातं, काय चुकतं, मैदानावर आवाज काय द्यायचा. वापरणार आठवी ते दहावीची पोरं-पोरी आणि त्यांचे खेळाचे शिक्षक. म्हणून शब्द ओरडायला सोपा हवा. वाचायला सोपा असून भागत नाही.

पहिल्याच दिवशी काम ‘हक’ (huck) या इंग्रजी शब्दाला मराठी शोधताना अडलं. उत्तर अमेरिकेतल्या बोलीत हक म्हणजे जोर लावून फेकणं, मग तो दगड असो की चेंडू. अल्टिमेटमध्ये हा अर्थ बांधीव झाला: मैदानाच्या लांबीत दूरवर मारलेली फेक, बहुतेक वेळा समोरच्या शेवटच्या पट्ट्यात (तिथे चकती झेलली की गुण) किंवा त्याच्या तोंडाशी पडणारी. बर्फावरचे स्की आणि स्नोबोर्डवाले, डोंगरात सायकल चालवणारे मात्र हाच शब्द उडीला लावतात. कड्यावरून किंवा उंचवट्यावरून स्वतःला हवेत सोडणं, ते हक. कयाकवाले होडीसकट धबधब्यावरून खाली जातात, तेही हक.

फेक आणि उडी एका क्रियापदात कशी बसली हे आधी समजून घेतलं. दोन्हीकडे एकदा सुटलं की परत हातात येत नाही. ताकद आणि धाडस पुरेपूर, ताबा त्या मानानं कमी. ‘हक अँड होप’ असा जोडशब्दच आहे: फेक आणि आशा धर. सायकलवाल्यांचा ‘हक टू फ्लॅट’ म्हणजे पुढे उतार नसताना सपाट जमिनीवर आदळणं. उतारावर उतरलं तर धक्का पुढच्या वेगात मुरतो. सपाटीवर तो सगळा चाकात, गुडघ्यात आणि पाठीत येतो.

मराठी शब्दानं एवढं सगळं उचललं पाहिजे का, की त्यातलं आपल्याला लागतं तेवढंच, हा प्रश्न उघडा ठेवला.

१० डिसेंबर

मैदान आखलं. अल्टिमेटचं पूर्ण मैदान १०० मीटर लांब, ३७ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे पट्टे, मधे ६४ मीटर खेळाची जागा. एका बाजूला ७ खेळाडू. इथली जागा लांबीला कमी भरते, म्हणून पट्टे तेवढेच ठेवून मधली जागा आखूड केली. पट्टा कमी केला तर लांब फेकीचा अंदाजच शिकता येत नाही.

काटकोन दोरीनं घेतला: एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४, तिरकी ५ आली की कोपरा बरोबर. रेषा फक्कीच्या. कोपऱ्याला तुऱ्हाटीच्या खुंट्या कोणी रोवल्या होत्या, त्या काढल्या. तुऱ्हाटी तिरपी कापलेली असते, धावता धावता पडणाऱ्याच्या पोटात घुसते. त्याऐवजी जुन्या कापडी पिशवीत वाळू भरून ठेवली.

जाता जाता: पोरं ‘फक्की टाकली’ म्हणतात आणि ‘फक्की मारली’सुद्धा. टाकली म्हणजे भुकटी सांडली, मारली म्हणजे रेष ओढली. टाकणे आणि मारणे पुढे लागणार आहेत, म्हणून लिहून ठेवलं.

१३ डिसेंबर

‘हक’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवून पाहिला. परका आहे म्हणून तो टाकायचा नव्हता. विटीदांडूतले वकट, लेंड, मूंड, नाल हे तेलुगूतले एक, दोन, तीन, चार आहेत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. पैनगंगेपलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद, शब्दांना नदी अडवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पोरं ते म्हणत आली, अर्थ कोणी विचारला नाही. खेळातला शब्द परका असला तरी तोंडात बसला की आपला.

‘हक’ तोंडात बसला, कानात बसला नाही. कडेला उभा शिक्षक ‘हक मार’ ओरडला की मैदानाच्या मध्यावर ‘हाक मार’ ऐकू येतं. चकती हातात धरलेला पोरगा खरोखर पुढच्या गड्याला हाका मारू लागला. पलीकडून दुसरा: “काहून बोंबलून रायला बे, फेक ना!” तोवर वेळ संपली. चकती हातात आल्यावर समोरचा पहारेकरी, म्हणजे विरुद्ध संघाचा अडवणारा गडी, दहा सेकंद मोठ्यानं मोजतो, दहा म्हणायच्या आत चकती सुटली नाही तर ती विरुद्ध संघाकडे जाते. एवढ्या वेळात दोन अर्थांचा शब्द परवडत नाही.

दुसरी अडचण क्रियापद करताना आली. ‘हकणे’ म्हटलं की वर्गाचं लक्ष भलत्याच शब्दाकडे जातं, आणि बंडी ‘हाकणे’ तर रोजचंच. ‘हक’ बाद. चकतीच्या इंग्रजी माहितीत तो अर्थासाठी राहील, मैदानावर नाही.

खेळाच्या वस्तूला काय म्हणायचं तेही आजच ठरवलं. फ्रिसबी हे व्हॅम-ओ कंपनीचं व्यापारी नाव. तबकडी म्हटलं की पोरांना उडती तबकडी आठवते, थाळी म्हटलं की थाळीफेकीशी गल्लत. चकती ठेवली. खेळाची चकती १७५ ग्रॅमची, साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची.

१६ डिसेंबर

फेकण्याची क्रियापदं गोळा केली. मैदान, शेत, बोरीची झाडं आणि नदीकाठ, चारही ठिकाणी माणसं काय बोलतात ते ऐकून लिहिलं. कोशात बघून लिहिलं असतं तर सगळी एकमेकांना समानार्थी दिसली असती. ती तशी नाहीत.

टाकणे: जोर नाही, अंतर कमी, हात बहुधा खालून. पत्ता टाकतात, पाऊल टाकतात, गोलंदाज चेंडू टाकतो.

फेकणे: जोर आहे, आपल्यापासून दूर जाणं आहे, नेम असलाच पाहिजे असं नाही. नको असलेली वस्तूही फेकतात.

मारणे: नेम हवाच. बोरीला गोटा मारतात. नुसता गोटा फेकला तर बोरं पडत नाहीत. पोरांना हा फरक शिकवावा लागत नाही. “मार बे त्या फांदीले” आणि “फेक बे तिकडं” यात ती कधी चुकत नाहीत.

भिरकावणे: फिरकी आहे. गोल फिरत जाणारी वस्तू, भिरभिर आवाज करणारी. गोटी भिरकावत नाहीत. काठी, चप्पल, कवेलूचा तुकडा भिरकावतात.

झुगारणे: अंगावरचं, मानेवरचं फेकून देणं. बैल जू झुगारतो. चकतीला लागू नाही.

सोडणे: हा शब्द गोफणीवरून पक्का झाला. ज्वारीच्या शेतात पाखरं राखणाऱ्या एका आबाजींनी गोफण दाखवली. दोन दोऱ्या, मधे गुंडा, म्हणजे गोटा, धरणारी विणलेली झोळी. एका दोरीचं टोक फास करून बोटात अडकवलेलं, दुसरं टोक चिमटीत. डोक्यावर फेरे घेतले की दोन्ही दोऱ्या ताणतात. मग चिमटीतलं टोक सोडायचं. झोळी उघडते, गुंडा सरळ रेषेत निघतो. चिमटी उशिरा सुटली तर गुंडा एका बाजूला, लवकर सुटली तर दुसऱ्या बाजूला. “गुंडा फेकत नाय बापू, सोडा लागते,” असं त्यांनी सांगितलं. ताकद फेऱ्यात असते, दिशा सोडण्यात.

चकतीचंही हेच आहे. मनगट कुठल्या क्षणी उघडतं त्यावर दिशा ठरते. त्यामुळे शिकवताना ‘सोड’ हा स्वतंत्र शब्द ठेवायचा. चकतीच्या पहिल्याच कार्डावर तो गेला.

भिरकावणे चकतीला अर्थानं सगळ्यात जवळचं, कारण फिरकी. तरी लांब फेकीसाठी घेतलं नाही. ‘भिरकाव’ ओरडायला लांब आहे, आणि त्यात बेफिकिरीचा अर्थ आहे. कुठेही जाईना, अशा वेळी भिरकावतात.

१८ डिसेंबर

‘फेक’ हाच शब्द लांब फेकीसाठी पुरेसा नाही का, असं शिक्षकांनी विचारलं. रास्त प्रश्न. नको म्हणण्याची कारणं लिहून दिली.

एक, क्रिकेटमुळे ‘फेकणे’ डागाळलं आहे. गोलंदाज चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करू लागला की ती फेकी गोलंदाजी, नियमाबाहेर. गावच्या मैदानावर अंश मोजणारं कोणी नसतं, पण “फेकून रायला बे” म्हटलं की भांडण ठरलेलं. शिवाय फेकणे म्हणजे बढाई मारणे.

दुसरं कारण गोळ्याचं, आणि ते जास्त गंभीर आहे. गोळाफेक या नावात फेक आहे, पण नियमाप्रमाणे गोळा फेकायचा नसतोच. गोळा खांद्यावरून एका हातानं पुढे लोटायचा. सुरुवातीला तो मानेला किंवा हनुवटीला लागून किंवा अगदी जवळ असला पाहिजे, हात त्या जागेच्या खाली येता कामा नये, गोळा खांद्यांच्या रेषेमागे नेता कामा नये. नवीन मुलाला ‘गोळा फेक’ म्हटलं की तो दगडासारखा कोपर मागे नेतो. फाऊल तर होतोच, खांदा आणि कोपर दुखावतात ते वेगळंच. प्रौढ पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, महिलांचा ४ किलो. शाळेतला गोळा हलका असतो, तरी ते वजन चेंडूच्या पद्धतीनं फेकायचं नाही. म्हणून गोळ्याच्या कार्डावर खेळाचं नाव गोळाफेक तसंच ठेवलं, आवाज मात्र ‘लोट’.

भाला आणि थाळीला ‘फेक’ चालतं. भाल्याला कोपर मागे जाणं हीच पद्धत आहे.

जुन्या तीन कार्डांत ‘जोरात फेका’ असं आम्हीच लिहिलं होतं. ती तिन्ही परत घेतली.

२२ डिसेंबर

आता उड्या. इथे मराठी फार श्रीमंत आहे. शब्द उडीचे कमी, उडीसोबत येणाऱ्या क्रियापदांचे जास्त.

उडी मारणे साधं, कुठलीही उडी. उडी घेणे यात ठरवून केलेली कृती आहे. उडी टाकणे बहुधा वरून खाली. सूरपारंब्यांत, म्हणजे इकडच्या डाबडुबलीत, फांदीवरून खाली येतात ती टाकलेली उडी. झेप घेणे म्हणजे पुढे आणि वर, समोर काहीतरी गाठायचं असताना. झडप घालणे म्हणजे सावजावर, आणि ते वरून. सूर मारणे म्हणजे डोकं आणि हात पुढे, अंग आडवं. मुटका म्हणजे पाय पोटाशी घेऊन अंगाची गठडी करून पाण्यात. कबड्डीत पकड करायला खाली वाकलेल्या गड्यांवरून जाते ती हनुमान उडी. कुदणे वऱ्हाडात सगळ्याला चालतं, म्हणून कशालाच नेमकं नाही.

डाबडुबलीत फेक आणि उडी एकाच डावात आहेत. एक पाय उचलून त्याखालून काठी दूर भिरकावायची. ज्याच्यावर राज्य तो ती आणून झाडाखालच्या रिंगणात ठेवीपर्यंत बाकीचे झाडावर. मग त्याला चुकवून उडी टाकायची आणि काठी गाठायची. तरीही दोन्ही कृतींना एकच क्रियापद कोणी वापरत नाही. काठीला भिरकावणे, अंगाला टाकणे.

मारणे आणि टाकणे मात्र दोन्हीकडे चालतात: गोटा मारला, उडी मारली, चेंडू टाकला, उडी टाकली. पण इथे उडी स्वतःच कर्म झाली आहे. ‘मी स्वतःला मारलं’ असा उडीचा अर्थ होत नाही. इंग्रजी हकचं वागणं वेगळं. चकती हक करतात तेव्हा कर्म चकती. कडा हक करतात तेव्हा कर्म कडा, म्हणजे जिथून उडी घेतली ती जागा. मराठीत ‘कडा मारला’ म्हणून कोणाला काही कळणार नाही.

म्हणजे वस्तूलाही चालेल आणि अंगालाही चालेल असं क्रियापद शोधायचं असेल तर ज्याचं कर्म ‘स्वतःला’ किंवा ‘अंग’ होऊ शकतं असंच हवं.

२७ डिसेंबर

ते क्रियापद ‘झोकणे’.

भाला झोकला, काठी झोकली. स्वतःला झोकून दिलं, अंग झोकून दिलं. दोन्हीकडे कर्म स्पष्ट, दोन्हीकडे हातचं राखून काही ठेवलेलं नाही. हकमध्ये जे आहे, पूर्ण जोर आणि परतीची वाट नाही, ते यात आहे. ‘झोक’ म्हणायला एकच अक्षरी ठोका लागतो आणि ‘ओ’ उघडा असल्यामुळे आवाज लांब जातो.

शब्दाचं कूळही पाहिलं. झोक म्हणजे कल, तोल. झोक गेला म्हणजे तोल गेला. झोका, झोकांडी ही भावंडं. सगळ्यांत वजन एका बाजूला जाणं आहे. लांब फेकीत अंगाचं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जातं, हातानं नुसतं फेकलेलं लांब जात नाही. शब्दात ती हालचाल आधीपासून आहे याचं फार समाधान वाटलं.

अडचणीही मांडल्या. ‘झोकून आला’ म्हणजे दारू पिऊन आला, हे इथे घराघरांत कळतं. म्हणून कार्डावर झोकणे कधीही कर्माशिवाय लिहायचं नाही. ‘चकती झोकणे’, ‘अंग झोकून देणे’ असंच पूर्ण. मैदानावरचा नुसता ‘झोक!’ चालेल, कारण चकती समोर दिसते. दुसरी अडचण हिंदीची: झोंकना म्हणजे भट्टीत लाकूड सारणं, डोळ्यांत धूळ उडवणं. नागपूरकडच्या पोरांच्या कानात तेही असतं. पण त्यानं मैदानावर गोंधळ होत नाही.

३ जानेवारी

चकती झोकण्याची पहिली चाचणी. सकाळी, वारा पडलेला असताना. वाऱ्यात शिकवायला घेतलं तर चूक हाताची की वाऱ्याची हे कळत नाही.

उजव्या हाताची उलटी फेक (बॅकहँड) घेतली. पकड: चारही बोटं कडेच्या आत घट्ट, अंगठा वर. पाठ थोडी लक्ष्याकडे, उजवा पाय डावीकडे आडवा टाकलेला, डावा पाय जागचा हलवायचा नाही. चकती छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत ओढायची, शेवटी मनगटाचा झटका.

काय चुकलं:

चकती थरथरत गेली आणि मधेच पडली. जोर आहे, फिरकी नाही. हात भरपूर फिरवला, मनगट शेवटपर्यंत बंदच. इलाज: आधी जवळच्या गड्याकडे नुसत्या मनगटानं सोडायला लावा, फिरकी आली की हात वाढवा.

चकती वर चढली, थांबली, मागे आली. पुढची कड वर उचललेली होती. समोरून वारा असेल तर ही चूक दुप्पट होते, वारा खालच्या पोकळीत भरतो. इलाज: सोडताना तळहाताची बाजू वर दिसता कामा नये.

चकती शेवटी डावीकडे गेली. ही चूक नाही. उजव्या हाताच्या उलट्या फेकीत चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, आणि वेग कमी होताना डावीकडे झुकते. धावणारा गडी उजव्या अंगाला असेल तर आधीच उजवीकडे वाढवून सोडायची. सुलट्या फेकीत (फोरहँड) फिरकी उलटी, झुकणं उजवीकडे.

पाठीमागून वारा आला तर चकती अपेक्षेपेक्षा लवकर बसते. पोरांना उलट वाटतं, वारा ढकलेल म्हणून जोर कमी करतात.

शब्दाबद्दल: ‘झोक!’ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू गेला. पोरींच्या संघात दुसऱ्याच डावात आपणहून “झोक ना वं, मी निघाली!” सुरू झालं. हे आम्ही शिकवलं नव्हतं.

५ जानेवारी

‘झोक’चा अतिवापर. पहारेकऱ्याची मोजणी सात-आठवर गेली की कोणीही ‘झोक’ ओरडतं आणि चकती रिकाम्या जागेत जाते. कार्डावर एक ओळ वाढवली: पुढे धावणारा गडी त्याच्या पहारेकऱ्याच्या पुढे निघालेला दिसला तरच झोक. आवाज धावणाऱ्यानं द्यायचा, कडेच्या लोकांनी नाही.

८ जानेवारी

‘झोक’ दोन अर्थांनी आला. शिक्षक चकतीच्या कलाबद्दल बोलत होते, “हिचा झोक डावीकडे आहे.” पोरानं ‘झोक, डावीकडे’ ऐकलं आणि चकती झोकली.

उपाय: चकतीच्या तिरपेपणाला आता ‘कल’. शिकवताना तेही टाळून सरळ सांगायचं, डावी कड खाली, उजवी कड खाली. झोक फक्त आज्ञा.

१२ जानेवारी

अंग झोकून देण्याचं कार्ड. सगळ्यात जास्त वेळ याला दिला, कारण इथे चुकीचा शब्द माणूस पाडतो.

अल्टिमेटमध्ये जमिनीला समांतर अंग टाकून चकती झेलतात, इंग्रजीत लेआउट. आधी आवाज ‘झेप घे’ ठेवला होता. मुलं वर उडाली आणि पोटावर आदळली. झेपेत ‘वर’ आहे, शरीर शब्दाप्रमाणेच वागलं. मग ‘सूर मार’ म्हटलं. खो-खो खेळणाऱ्या मुलींनी पहिल्याच वेळी बरोबर केलं: खाली, पुढे, लांब. गडी बाद करायला सूर मारायची त्यांची सवय अंगात होती. त्यामुळे इथे आवाज ‘सूर’. ‘अंग झोकून देणे’ हे कार्डाच्या मागच्या बाजूला अर्थ सांगायला ठेवलं, आज्ञा म्हणून नाही.

जमीन: काळी माती या दिवसांत भेगाळते. भेगेत बोट अडकलं तर बोट जातं, पाय अडकला तर घोटा. ढेकळावर सूर मारणं म्हणजे दगडावर पडणं. लांब उडीचा हौद वापरला. वाळू उपसून खडे, काड्या, काचा काढल्या, पाणी मारून ओली केली, दाताळ्यानं सपाट केली. कोरडी वाळू वरून मऊ दिसते पण खाली दगडासारखी बसलेली असते.

कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरायची सूचना आली होती. नाही घेतली. सोयाबीनच्या कुटारात शेंगांची टोकं राहतात, ती टोचतात. तुरीच्या कुटारात काड्या, त्या डोळ्यात जातात. आणि कुटार पायाखाली सरकतं, निघतानाच पाय घसरतो.

शिकवण्याची पायरी: आधी गुडघ्यांवर बसून पुढे सरकणं, मग उकिडवं बसून, मग चालत, शेवटी धावत. छाती आणि मांडी एकदम जमिनीला लागून घसरली पाहिजे. तळहात टेकवून पडणं सक्तीनं बंद, सगळा भार मनगटावर येतो. कोपरही नाही. हनुवटी वर.

कार्डाच्या पहिल्या खर्ड्यात ‘विहिरीत अंग झोकून देतो तसं’ असं उदाहरण होतं. अर्थ पटकन कळतो, पण पोरं कार्डावरचं करून बघतात. विहिरीत आत काय आहे आणि पाणी किती आहे हे वरून दिसत नाही. उदाहरण काढलं. त्याजागी खो-खोचा सूर.

१४ जानेवारी

संक्रांत. मैदान रिकामं.

१९ जानेवारी

स्की, सायकल, कयाकच्या अर्थांचं काय करायचं यावर चर्चा. इथल्या मैदानावर त्यांचं काम नाही, पण इंटरनेटवर पोरं ते व्हिडिओ बघतात आणि ‘हक’ ऐकतात. त्यामुळे एक जोडकार्ड करायचं ठरलं: ‘हक शब्द ऐकला तर’. त्यावर तीन ओळी. चकती असेल तर चकती झोकणे. कडा किंवा उंचवटा असेल तर उडी झोकणे, आणि पुढे कशावर उतरायचं ते आधी बघितलेलं असलं पाहिजे. धबधबा असेल तर होडीसकट उडी टाकणे, कारण ते वरून खाली आहे.

‘उडी झोकणे’ कानाला थोडं नवीन लागतं हे मान्य. पण ‘उडी मारणे’त ती जोखीम येत नाही आणि ‘स्वतःला झोकून देणे’ म्हटलं की वाचणाऱ्याला समाजकार्य आठवतं. ठेवलं.

२५ जानेवारी

कार्डाचा पक्का मजकूर:

पुढे: झोक!

मागे: काय सुटतं: चकती, पूर्ण जोरानं, भरपूर फिरकीनं. कुठे जाते: धावत्या गड्याच्या पुढे, शेवटच्या पट्ट्याकडे. काय चुकतं: मनगट बंद, पुढची कड वर, गडी मोकळा नसताना सोडणं. आवाज: धावणाऱ्यानं, एकदाच, ‘झोक!’

२ फेब्रुवारी

छपाईचा पहिला नमुना आला. टाइप करताना ‘अंग झोकून’चं ‘अंग झाकून’ झालं होतं, आणि एका ठिकाणी ‘झोपून’. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे शुद्धलेखनाच्या तपासणीत सापडले नाहीत, मोठ्यानं वाचल्यावर सापडले. पुढे सगळे नमुने एकानं वाचायचे आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून बघायचं.

शाई पाण्यानं पसरते, कार्डं मैदानावर ओल्या हातात जाणार, म्हणून प्लास्टिकचं आवरण लावून घ्यायचं. कोपरे गोल कापून.

पुढचं कार्ड ‘ग्रेटेस्ट’. चकती रेषेबाहेर चाललेली असते, गडी मैदानातून उडी घेतो, हवेत झेलतो आणि पाय बाहेर टेकण्याआधी हवेतूनच आतल्या गड्याकडे सोडतो. उडी आणि फेक एकाच दमात. झोकणे इथे बसत नाही, कारण हवेत असताना वजन टाकायला जमीन नाही, सगळं मनगटावर. ‘सोड’ घेऊन पाहू. शनिवारी सकाळी चाचणी, चार चकत्या आणि उत्तरेकडच्या रेषेला ताजी फक्की लागेल.